यंत्राच्या गुमास्त्याला स्पष्ट लिहून द्या

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजेच एआय, हा शब्द आपल्या बाजारपेठेतही रुळला आहे. प्रश्न विचारला की उत्तर देणारे चॅटजीपीटीसारखे कार्यक्रम वाशीम, कारंजा, रिसोडच्या तरुणांच्या मोबाइलवर आहेत. आता त्याच्या पुढची पायरी सुरू झाली असून व्यापाऱ्याच्या दृष्टीने तीच जास्त महत्त्वाची आहे. हा नवा प्रकार नुसते उत्तर देऊन थांबत नाही, तो काम करतो. "रिसोडच्या ज्या गिऱ्हाइकांची बाकी दोन महिन्यांपेक्षा जुनी आहे त्यांची यादी काढ आणि प्रत्येकाला खाते-उतारा पाठव," असे सांगितले की तो हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून खाती पाहतो, उतारे तयार करतो आणि पाठवून मोकळा होतो. अशा कार्यक्रमाला एजंट म्हणतात. आपल्याकडे एजंट म्हणजे दलाल किंवा विमेवाला; म्हणून घोटाळा नको, यासाठी या लेखात त्याला यंत्र-गुमास्ता म्हणू.

या गुमास्त्याबद्दल बाजारात दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो, हा सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार. दुसरा म्हणतो, हे मोठ्या शहरांचे खूळ आहे, आपल्या गल्ल्यापर्यंत येणार नाही. या दोन्ही वादांत न पडता मला एका तिसऱ्याच गोष्टीकडे व्यापारी बंधूंचे लक्ष वेधायचे आहे. हा गुमास्ता कामाचा ठरेल की डोकेदुखी, हे पुष्कळसे त्याच्या अकलेवर अवलंबून नाही. आपण जे सॉफ्टवेअर घेतो त्याची माहिती किती स्पष्ट लिहिलेली आहे, यावर ते अवलंबून आहे. आणि नेमकी हीच बाजू आपल्याकडे सर्वांत कच्ची आहे.

गुमास्ता काम कसे करतो?

हे समजण्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. सॉफ्टवेअरमधले प्रत्येक काम, उदाहरणार्थ बिल बनवणे, साठा पाहणे, पावती नोंदवणे, हे एकेक साधन म्हणून यंत्र-गुमास्त्यापुढे ठेवले जाते. प्रत्येक साधनासोबत तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: साधनाचे नाव, ते काय करते याच्या चार ओळी, आणि भरायच्या रकान्यांची यादी. २०२३ साली ओपनएआय कंपनीने ही सोय प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी खुली केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची एक सामाईक पद्धत जाहीर केली, ज्यामुळे एकदा मांडलेली साधने वेगवेगळ्या कंपन्यांच्या गुमास्त्यांना वापरता येतात. डिसेंबर २०२५ मध्ये ही पद्धत लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली.

यातली लक्षात ठेवण्याची बाब अशी, की कोणते साधन उचलायचे आणि त्यात काय भरायचे हे गुमास्ता त्या लिहिलेल्या ओळी वाचून ठरवतो. त्याने आपले दुकान पाहिलेले नाही. बाजूच्या दुकानदाराला तो विचारू शकत नाही. काल समजावून सांगितलेले आज त्याच्या ध्यानात असेलच असेही नाही. नवीन पोरगा दुकानात ठेवला तर आठ दिवस पाहून पाहून शिकतो. इथे जे कागदावर आहे तेवढेच त्याचे शिक्षण. कागद अर्धवट असेल तर उरलेले तो अंदाजाने भरतो, आणि तो अंदाज इतक्या आत्मविश्वासाने भरतो की पाहणाऱ्याला शंकाही येत नाही.

"फोन करा, सांगतो"

आपल्या भागात छोट्या दुकानांना बिलिंगचे सॉफ्टवेअर विकणारे पुष्कळ आहेत. माल बरा असतो, भावही परवडतो. परंतु सोबत माहितीपुस्तिका मागितली की एक मोबाइल नंबर मिळतो. "काही अडले तर फोन करा, सांगतो." आम्हालाही एका विक्रेत्याने हेच सांगितले होते. मार्चअखेरीस तो फोन लागत नाही, ही वेगळी गोष्ट. माणसाचे यात कसेबसे भागते. यंत्र-गुमास्त्याचे भागत नाही. विक्रेत्याच्या डोक्यात असलेले ज्ञान त्याच्या काहीही उपयोगाचे नाही.

कोणी म्हणेल, हा गुमास्ता पडदा पाहून माणसासारखी बटणे दाबू शकतो, मग लिहून देण्याची गरज काय? बटणे दाबतो हे खरे. पण ते काम संथ आणि खर्चिक पडते, आणि बटणाचे नावच संदिग्ध असेल तर पडदा पाहूनही अर्थ लागत नाही. कापडाच्या धंद्यातली उदाहरणे घेऊन पाहू.

शब्द, मापे आणि गावे

समजा, सॉफ्टवेअरमध्ये 'माल परत' नावाचे साधन आहे. गिऱ्हाइकाने आपल्याला परत दिलेला माल, की आपण सुरतच्या ठोक व्यापाऱ्याला परत पाठवलेला माल? एकात आपला साठा वाढतो, दुसऱ्यात घटतो. आपल्याला ते सवयीने कळते. नवख्याला कसे कळावे? तीच गत 'नावे' या शब्दाची. मराठी हिशेबात जमा आणि नावे या दोन बाजू; रोजच्या बोलीत मात्र नावे म्हणजे माणसांची नावे. 'बाकी' म्हणजे येणे असलेली रक्कम, आणि बाकी म्हणजे उरलेले सगळेही. जमा, बाकी, वसूल हे शब्द मी उर्दू शाळेत शिकलो आणि मराठी बाजारात वापरले. अर्थ दोन्हीकडे एकच निघाला, कारण वापरणारा हिशेबनीस होता. यंत्राला तो संदर्भ लिहूनच द्यावा लागतो.

मापांचे पाहा. कापडाची लांबी आपण मीटरमध्ये मोजतो आणि पन्हा मात्र इंचात सांगतो: ३६, ४४, ५८. जुने गिऱ्हाईक अजून वार म्हणते. वार म्हणजे ३६ इंच. मीटर सुमारे ३९.३७ इंच. शंभर वार आणि शंभर मीटर यांत साडेआठ मीटरांहून जास्त फरक पडतो. खरेदी ताक्याने होते, आणि प्रत्येक ताक्याची लांबी सारखी नसते. जीएसटीच्या ठरावीक एककांच्या यादीत मीटर आहे, यार्ड आहे, गाठ आहे, रोल आहे. पण ताका नाही. म्हणून 'संख्या' एवढेच नाव असलेल्या रकान्यात गुमास्त्याने १० लिहिले, तर ते दहा ताके की दहा मीटर, हे त्या साधनाच्या माहितीत स्पष्ट असले पाहिजे.

गावांचा घोळ तर आपल्या जिल्ह्याला चांगलाच ठाऊक आहे. यंत्रमागाचे कापड येते ते नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावाहून, आणि आपला माल जातो तो वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात. एकाचा पिन कोड ४२३२०३, दुसऱ्याचा ४४४५०३. कारंजाही एक आपले, दुसरे वर्धा जिल्ह्यातले. शिवाय १ जुलै १९९८ पूर्वी वाशीम अकोला जिल्ह्यात होते, त्यामुळे जुन्या खात्यांच्या पत्त्यांत अजून 'जि. अकोला' सापडेल. ई-वे बिलात अंतर पिन कोडवरून काढले जाते. पत्ता भरण्याच्या साधनात "गाव केवळ नावावरून ठरवू नये, पिन कोड पडताळावा" ही एक ओळ असली, की बिल्टी भलत्या मालेगावला जाण्याचा धोका टळतो.

टॅली आणि जीएसटी पोर्टलचा धडा

टॅली माहीत नाही असा व्यापारी आज विरळा. १९८६ साली गोयंका पिता-पुत्रांनी बंगळूरमध्ये सुरू केलेली ही कंपनी. आजही देशातल्या लहान-मोठ्या पेढ्यांचा हिशेब तिच्यावर चालतो. टॅलीमध्ये बाहेरच्या कार्यक्रमाला एक्सएमएल नावाच्या साच्यात नोंदी पाठवता येतात. या साच्यात एक खुबी आहे: नावे बाजूची रक्कम उणे चिन्हाने लिहावी लागते आणि जमा बाजूची अधिक चिन्हाने. सामान्य माणूस, आणि सामान्य यंत्रही, याच्या उलट समजेल. परंतु कंपनीने नमुन्याच्या नोंदींसह माहिती प्रसिद्ध केलेली असल्याने वाचणाऱ्याला ते पाहून घेता येते. एका नमुन्याने पानभर वर्णनाचे काम होते, हा यातला धडा.

दुसरे उदाहरण ई-इनव्हॉइसचे. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्याशी होणाऱ्या व्यवहारात ते बंधनकारक आहे. म्हणजे आपले बरेच ठोक व्यापारी त्यात आले. या व्यवस्थेत प्रत्येक रकाना किती अक्षरांचा, तारीख कोणत्या क्रमाने लिहायची, चूक झाल्यास कोणता क्रमांक दिसेल, हे सर्व छापील आहे. तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने, असे लिहिलेले असल्याने ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हा वाद राहत नाही. चुकीचा क्रमांक २१५० आला तर समजायचे, की हे बिल आधीच नोंदले गेले आहे. ज्या गुमास्त्याला हा अर्थ ठाऊक आहे तो जुनाच नोंदणी क्रमांक शोधून पुढे जाईल. ज्याला फक्त "काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा" असा निरोप मिळाला, तो बिलाचा नंबर बदलून तोच माल दुसऱ्यांदा विकल्याची नोंद करून ठेवेल. आपल्या स्थानिक सॉफ्टवेअरमध्ये बहुधा हाच दुसरा निरोप असतो.

माहितीवर तारीखही हवी. तयार कपड्यांवर पूर्वी हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. ई-वे बिलाची सर्वसाधारण मर्यादा ५० हजारांची, पण महाराष्ट्राच्या हद्दीतल्या वाहतुकीसाठी २०१८ पासून एक लाखाची; आणि राज्यात ५० किलोमीटरच्या आत सूत, कापड वा कपडे जॉबवर्कसाठी नेताना किंमत कितीही असली तरी सूट. असे अपवाद ज्या साधनात लागू होतात, त्याच्या माहितीत ते लिहिलेले हवेत, आणि ती माहिती कोणत्या तारखेपर्यंतची आहे हेही.

चांगली माहिती कशी असते?

'माल परत' चेच उदाहरण पुरे करू. वाईट माहिती अशी असते: "माल परत. परत आलेल्या मालाची नोंद करते." शब्द सोपे आहेत, पण हाती काही लागत नाही. चांगली माहिती साधारण अशी लिहावी:

"विक्री परत. गिऱ्हाइकाने परत आणलेल्या मालाची नोंद. आपण ठोक व्यापाऱ्याला माल परत पाठवत असल्यास हे साधन वापरू नये. 'खरेदी परत' वापरावे. मूळ बिलाचा क्रमांक आवश्यक आहे; माहीत नसल्यास अंदाजाने भरू नये, मालकाला विचारावे. लांबी मीटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत, उदा. ४.७५. नोंद होताच साठा वाढतो आणि गिऱ्हाइकाच्या खात्यात रक्कम जमा होते. त्याच बिलावर तोच माल पुन्हा नोंदवू पाहिल्यास नवी नोंद होत नाही, आधीच्या नोंदीचा क्रमांक मिळतो."

यात केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये, काय भरावे, कोणत्या मापात भरावे, त्याने काय बदलते आणि अडचण आल्यास काय करावे, एवढे सगळे आले. सात-आठ ओळींत आले. काही विक्रेते उत्साहाने शंभर पानांचे पुस्तक पुढे करतील. त्याचाही उपयोग नाही. वाचायचे खूप आणि एकसारखी दिसणारी साधने पन्नास, अशा स्थितीत यंत्रही माणसासारखेच गोंधळते. साधने थोडी असावीत, नावे वेगळी असावीत, आणि प्रत्येकाची माहिती त्याच्यापाशीच असावी.

यात नवीन ते काय, असे कोणी विचारील. तेही बरोबर आहे. आपले वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. १९३९ साली इथे राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे, आणि दान दिलेल्या गावाचा, त्याला मिळालेल्या सवलतींचा व्यवहाराचा भाग प्राकृतात आहे. कोणते गाव, कोणाला दिले, कोणी तिथे काय करायचे नाही, हे एकेक करून कोरलेले आहे. ज्या अधिकाऱ्याने तो हुकूम वाचायचा तो राजाच्या दरबारात नव्हता. त्याच्यापुढे फक्त पत्रा होता. समोर नसलेल्या माणसाला काम सांगायचे तर असेच लिहावे लागते.

लिहिणे म्हणजे कुलूप नव्हे

एका बाबतीत सावध राहिले पाहिजे. साधनाच्या माहितीत "मालकाला विचारल्याशिवाय रद्द करू नये" असे लिहिले, म्हणून ते कुलूप ठरत नाही. नुसते पाहणे, नवी नोंद करणे आणि पुसून टाकणे, ही तीन वेगळ्या वजनाची कामे आहेत. वर सांगितलेल्या सामाईक पद्धतीत एखादे साधन फक्त वाचण्याचे आहे की मोडतोड करू शकणारे आहे, अशी खूण ठेवण्याची सोय आहे. पण ती खूणच आहे. ई-इनव्हॉइस २४ तासांच्या आतच पोर्टलवर रद्द करता येते, त्यानंतर नाही. अशा कामांना खरा अडसर सॉफ्टवेअरमध्येच हवा: गुमास्त्याचे खाते वेगळे, त्याला पाहण्याचा अधिकार, आणि पैसे पाठवणे किंवा बिल रद्द करणे यापूर्वी मालकाची मंजुरी. बाहेरून आलेल्या बिलात वा निरोपात कोणी "रक्कम या नव्या खात्यात भरा" असे लिहून पाठवले, तर गुमास्ता त्याला हुकूम समजण्याचा धोका असतो. आणि चूक कोणीही केली, तरी जीएसटीच्या नोटिशीवर नाव दुकानाचेच येते.

विकत घेताना काय विचारावे?

मोठ्या कंपन्यांना हे सांगावे लागत नाही. त्यांच्याकडे लिहिणारी माणसे पगारावर आहेत. मागे पडण्याची भीती आहे ती तालुक्याच्या दुकानाला. ठोक व्यापाऱ्याचा यंत्र-गुमास्ता उद्या साठा, ऑर्डर आणि हिशेबाची विचारणा सरळ आपल्या सॉफ्टवेअरला करू लागेल. ज्याच्याकडे नीट उत्तर मिळेल त्याच्याशी व्यवहार सोपा, आणि ज्याच्याकडे मिळणार नाही तो यादीत खाली, असे होण्याची शक्यता मला मोठी वाटते.

म्हणून नवे सॉफ्टवेअर घेताना किंवा जुन्याचे नूतनीकरण करताना विक्रेत्याला पाच गोष्टी लेखी मागाव्यात. प्रत्येक साधनाची माहिती लिहिलेली आहे का, आणि ती आपल्याला देणार का? प्रत्येक रकान्याचे माप आणि एक भरलेला नमुना आहे का? चूक झाल्यास येणाऱ्या निरोपांचा अर्थ आणि उपाय लिहिलेला आहे का? कोणते काम उलटवता येते आणि कोणते येत नाही, हे सांगितले आहे का? नियम बदलले की माहिती कोण बदलणार, आणि त्यावर तारीख घालणार का? दहा दुकानदारांनी मिळून मागितले तर कोणताही विक्रेता नाही म्हणणार नाही, कारण त्यालाही पुढच्या वर्षी धंदा करायचा आहे.

अर्धे काम मात्र आपले आहे. आपल्या दुकानात 'कच्चे बिल', 'वटाव', 'जांगड' हे शब्द कोणत्या अर्थाने चालतात, एकाच कापडाला किती नावे आहेत, कोणत्या गिऱ्हाइकाला उधारी किती दिवसांची, हे पुण्या-मुंबईचा प्रोग्रामर लिहू शकत नाही. ते जुन्या दिवाणजींच्या डोक्यात आहे, आणि दिवाणजी म्हातारे होत चालले आहेत. त्यांच्याजवळ बसून दोन पानांची शब्दांची आणि रिवाजांची यादी करून ठेवावी. ती मराठीत केली तरी चालते. हे गुमास्ते मराठी वाचतात. फक्त बाजारी शब्दाचा अर्थ शेजारी लिहावा.

आपल्या शिकलेल्या मुलांनीही याकडे कामाची संधी म्हणून पाहावे. जिल्ह्यात पदवीधर आहेत, संगणक येणारे आहेत, पण दुकान आणि संगणक दोन्ही समजणारे थोडे आहेत. ज्या मुलाने सुट्टीत वडिलांच्या गादीवर बसून मीटर लावला आहे, ज्याला ताका आणि गाठ यातला फरक हाताने ठाऊक आहे, तो अशी माहिती चांगल्या रीतीने लिहू शकतो. स्थानिक सॉफ्टवेअर विक्रेत्यांनी अशा मुलांना हाताशी धरावे. प्रोग्राम लिहिण्याइतकाच मोबदला याही कामाला मिळाला पाहिजे, कारण इथून पुढे प्रोग्राम विकला जाणार आहे तो त्याच्या माहितीसकट.